दुसऱ्याच्या घरट्यात

श्रावणात आमच्या कार्यालयात एका ज्येष्ठ लेखकांची सीडी आली. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी टाइप करून ठेवलेली दीर्घकथा तिच्यात होती. आमच्या एकाही संगणकाला आता सीडीची खाच उरलेली नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याने आपला जुना संगणक पुसूनपासून चालू केला. फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची नि डॉलरची चिन्हं यांचा नुसता भुसा पसरला. आमचा तरुण डीटीपीवाला म्हणाला, “काका, व्हायरस दिसतोय.”

व्हायरस नव्हता. कथा तिथंच होती, काना-मात्रेसकट. फक्त ती ज्या फॉन्टात लिहिली होती तो फॉन्ट आमच्याकडे नव्हता. त्या काळचा संगणक इंग्रजी अक्षरांच्या कोष्टकावर चालायचा. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्या आकड्यांना हात लावला नाही, फक्त त्यांच्यासमोरची चित्रं बदलली. आपण इंग्रजी सांभाळतोय अशा समजुतीत संगणक बसलेला, आणि त्याच्या पोटाखाली वाढत होतं मराठी. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळी ते आपलं म्हणून उबवते, त्यातलाच हा प्रकार. दिवाळी अंकांच्या कितीतरी पिढ्या अशा उसन्या घरट्यात वाढल्या, आमचा अंकही त्यातच आला.

ही उपमा मला त्या दुपारी सुचली आणि मग पाठ सोडीना. यंत्रांना सजीवांची उपमा देणं तसं नवं नाही. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला आणि चारच वर्षांनी न्यूझीलंडात मेंढ्या पाळणाऱ्या सॅम्युअल बटलरने क्राइस्टचर्चच्या वर्तमानपत्रात लिहून टाकलं की यंत्रांचीही उत्क्रांती चालली आहे. मात्र आपल्याकडे ‘तंत्रज्ञानाची उत्क्रांती’ म्हणताना मनात असतो तो चढता जिना: काल टाइपरायटर, आज संगणक, उद्या आणखी काहीतरी भारी. जिना हे उत्क्रांतीचं चित्रच नव्हे. निसर्ग फडताळात जे असेल त्यावर भागवतो. पिसं उडण्यासाठी आली असं आपण धरून चालतो, पण चीनमध्ये १९९६ साली जगापुढे आलेल्या एका छोट्या डायनोसॉरच्या अंगावर पिसांसारखी लव होती आणि त्याला उडता येणं शक्य नव्हतं. बहुधा उबेसाठी असलेली गोष्ट पुढे पंखाच्या कामी आली. स्टीफन गूल्ड आणि एलिझाबेथ व्हर्बा यांनी १९८२ साली अशा बदलीच्या नोकरीला वेगळं नावच दिलं.

छापखान्याची कुंडली मांडली तर हेच दिसतं. गुटेनबर्गच्या हाताशी काय होतं? द्राक्षं पिळायचा दाब, सोनारकामातले ठसे आणि चीनहून अरबांच्या हातून युरोपात पोचलेला कागद. यातलं एकही पुस्तकासाठी जन्मलेलं नव्हतं. आपल्याकडे तर छापखाना आला तोच वाट चुकल्यासारखा. १५५६ साली जेझुइटांचं एक यंत्र अबिसिनियाला निघालं होतं. गोव्यात थांबलं ते तिथंच राहिलं. वाऱ्याने नेलेलं बी कुठल्यातरी बेटावर रुजावं तसं. त्या रुजण्यातून १६१६ साली फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, ओवी मराठी आणि लिपी रोमन! म्हणजे संगणकावरची खेप ही मराठीने रोमनच्या घरट्यात राहण्याची पहिली खेप नव्हे. पुढे त्याच शतकात गोव्यातली छपाईची ही फांदी वठली. बेटावरची बियाणी टिकतातच असं नाही.

टिकणं आणि सरस असणं यांची आपण फार गल्लत करतो. मोडीचंच बघा. हात न उचलता झरझर लिहायची, दफ्तरं भरून टाकायची, कामाला पक्की लिपी. तिचे खिळे पाडताच येत नव्हते असंही नाही. सेरामपूरला विल्यम केरीने १८१० साली मराठी कोश छापला तो मोडीत. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला तो मात्र बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. त्याच वर्षी मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींनी १८६४ साली अक्षरांचा कारखाना काढला आणि ‘निर्णयसागर’चं देखणं देवनागरी वळण देशभर गेलं. शाळा, पोथ्या, पंचांगं, खिळे सगळं एका बाजूला झुकलं. मोडी हरली ती अक्षरात खोट होती म्हणून नव्हे, तिच्या भोवतीचं हवापाणी बदललं म्हणून.

आमच्याकडे एक ऑपरेटर बाई आहेत, टाइपरायटरवर शिकलेल्या. ‘कि’ लिहायचा तर त्या आधी पहिली वेलांटी मारतात, मग क. टाइपरायटरवर अक्षरं डावीकडून उजवीकडे उमटत जायची, त्यामुळे जे डावीकडे दिसतं ते आधी उमटवणं भाग होतं. आता संगणकाला क आधी हवा, वेलांटी नंतर. म्हणून त्यांच्यासाठी एक खास कीबोर्ड बसवला आहे. त्या उलट्या क्रमानेच मारतात आणि आतली प्रणाली गुपचूप अदलाबदल करते. टाइपरायटर भंगारात जाऊन जमाना झाला, त्याची सवय शाबूत आहे. शेपूट गेलं तरी माकडहाड आपल्या अंगात आहेच की. तरुण डीटीपीवाला हसतो. मी त्याला सांगतो, तुझ्या पडद्यावर ‘सेव्ह’चं चित्र कसलं आहे ते बघ. त्याने आयुष्यात फ्लॉपी पाहिलेली नाही.

सगळ्यात गमतीचं मला वाटतं ते या लेखाच्या शीर्षकातलं ‘ऱ्या’. दुसऱ्या, बिचाऱ्या, सुऱ्या यांतला तो आडवा अर्धा र बघा. ‘आचार्य’मधला रफार वेगळा, ‘आचाऱ्याला’मधला र वेगळा, मंगलकार्यात दोघांची गाठ पडली तरी त्यांची अदलाबदल चालत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या संगणकांच्या सामायिक कोष्टकात, हा र उमटतो कसा? नुक्त्याच्या ‘ऱ’मधून. आणि तो ऱ कोष्टकात घेतला होता द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून! तमिळसाठी मांडलेल्या पाटावर मराठी येऊन बसली. उबेसाठीच्या पिसांनी उडावं ते हे असं.

उपमा शेवटपर्यंत ताणली की तुटते, हेही सांगायला हवं. प्राण्यांत वेगळ्या झालेल्या फांद्या सहसा पुन्हा एक होत नाहीत. मांजराला माशाचे कल्ले उसने मिळत नाहीत. यंत्रं मात्र सर्रास एकमेकांत मिसळतात: द्राक्षांचा दाब सोनाराच्या ठशाला भेटतो, फोन कॅमेऱ्याला गिळतो. शिवाय निसर्गात गेलेला जीव परत येत नाही, पण २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि आज कुणीही ती संगणकावर लिहू शकतो. डायनोसॉरला हे भाग्य नाही. आणि निसर्गात निवड करणारं कुणी बसलेलं नसतं, इथं मात्र कोष्टकात काय घ्यायचं हे माणसं समितीत बसून ठरवतात. तिथं आपली माणसं किती होती, हा प्रश्न मला डार्विनपेक्षा जास्त सतावतो.

दिवाळी अंक हाही असाच मिश्र वाणाचा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून. सांताक्लॉजच्या जागी आकाशकंदील आला आणि वाण इथलाच होऊन गेला.

ती दीर्घकथा या अंकात आहे. जुना फॉन्ट एका निवृत्त मुद्रितशोधकांकडे सापडला, मजकूर युनिकोडमध्ये आणला, ऑपरेटर बाईंनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. छपाईच्या आदल्या रात्री ‘ॲटर्नी’ हा शब्द सगळीकडे सारखा आहे ना म्हणून शोध घेतला, तर संगणक म्हणाला तीनच ठिकाणी आहे. आमच्या डोळ्यांना तो अकरा ठिकाणी दिसत होता. आपला ‘ॲ’ कोष्टकात आला २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्रकोर चढवून भागवायचे. फॉन्ट बदलणाऱ्या प्रणालीने आठ ठिकाणी ती जुनी जोडणीच केली होती. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. रात्रीचे दीड वाजले होते, छापखान्याचा माणूस फोनवर ताटकळत होता. तीन आणि आठ तसेच ठेवून आम्ही अंक सोडला.