रानपिंगळ्याची गोष्ट खर्डीच्या मुलांना कोण सांगणार?

रानपिंगळा हे वीतभर उंचीचे घुबड. १८८४ नंतर ते अभ्यासकांना रानात सापडले नव्हते. १९१४ साली टिपलेला म्हणून एक नमुना ब्रिटिश संग्रहालयात होता. त्याच्या चिठ्ठीवरचे ठिकाण धरून शोधणारे मात्र रिकाम्या हातांनी परतत होते. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि चोरी पकडली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या गृहस्थांनी संग्रहालयातलाच जुना पक्षी लांबवून, पुन्हा शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिवसाढवळ्या दिसला. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही आढळला. म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, खर्डीच्या शेजारच्या रानात.

चोर आहे, तपास आहे, आणि ज्याचा शोध घ्यायचा तो आपल्याच रानात राहतो. चौथीतले कोणते मूल ही गोष्ट अर्धवट सोडेल?

तरीही शाळेच्या कपाटात अशी गोष्ट सहसा मिळत नाही. मराठीत मुलांसाठी बोधकथा आणि थोरांची चरित्रे उदंड आहेत. माहितीची पुस्तके मात्र कमी, आणि त्यांतली बरीचशी पाठ्यपुस्तकाच्या सुरात बोलणारी. अपवाद आहेत, आणि ते अभिमानाने सांगावेत असे आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनीही आपल्या संकेतस्थळावर असंख्य पुस्तके, मराठीसुद्धा, खुली करून ठेवली आहेत. माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’ आहेच.

पण खर्डीच्या मुलांचे प्रश्न खर्डीतले असतात. कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिने का जोडतात? १८६५ साली सुरू झालेल्या थळ घाटाच्या मार्गावर दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून. शेवळाच्या रानभाजीत आई काकडाची फळे का घालते? शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचून खाज सुटते. काकडाच्या आंबटपणाने ती कमी होते. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला शेवळे रानात कुठे उगवतात हे शिक्षकांपेक्षा नेमके माहीत असते. त्याच्या माहितीला पुस्तकात जागा मिळाली, तर त्या पुस्तकाशी त्याचे नाते पहिल्या पानापासून जुळेल.

याच भागात हे कुणीतरी फार पूर्वी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी मुलांना बिया, पाने, शिंपले हाताळत शिकवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आज वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ उपक्रमातून मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी शाळांमध्ये नाट्यरूपात सादर करते. गोष्ट डोळ्यांसमोर घडली की मुले पुस्तकाकडे आपणहून वळतात.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह वाचनालय सक्तीचे केले आहे. कायदा २०१० पासून लागू आहे. पण पुस्तके फाटतील या धास्तीने कपाटाला कुलूप घातले, की कायदा कागदावरच राहतो. पुस्तक फाटले तर ते वाचले गेले असे समजावे आणि नवे आणावे.

शहापुरात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पंचायत समिती आहे, हौसेने लिहिणारे शिक्षक आहेत. त्यांनी वनरक्षकांना आणि पाड्यांवरच्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन या परिसराची छोटी, चित्रांची पुस्तके काढावीत. त्यांत ठाकरी, वारली, कातकरी बोलीतले शब्दही यावेत. पहिले रानपिंगळ्याचे, दुसरे पाण्याचे. दुसरे लिहिणे अवघड जाईल. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून उताराने मुंबईला जाते, भातसा धरण आज मुंबईला सर्वाधिक पाणी देते, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हे असे का, ते त्या पुस्तकात खरेखरे सांगावे लागेल. हंडा घेऊन टँकरपाशी उभ्या राहणाऱ्या मुलांना हा प्रश्न केव्हाच पडलेला आहे.