शिक्षक कमी करून इंग्रजी येत नाही

सरकारी शाळांतील इंग्रजी सुधारण्यासाठी परदेशी साहाय्याची योजना जाहीर झाली की आपल्याकडे दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. सरकार तिचे श्रेय घेते आणि आपल्यातील काही मंडळी तिला नववसाहतवाद ठरवून मोकळी होतात. हा पैसा कशावर खर्च होतो आणि कशावर होत नाही, हा अर्थशास्त्रातला साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत उभे राहून विचारला पाहिजे.

ही परंपरा जुनी आहे. १९५८ साली हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था उभी राहिली ती फोर्ड फाउंडेशन व ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने. महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. निर्णय न्याय्य होता. शहरी मध्यमवर्गाची मक्तेदारी त्याने निदान तत्त्वतः मोडली. पण तो राबवण्याचे ओझे पडले ते स्वतः पाचवीत मुळाक्षरे गिरवलेल्या आणि सारे विषय एकट्याने शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकावर. २०१६ मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट व ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ उपक्रम आरंभला. परिसरातील शिक्षकांनी नियमित एकत्र यावे, इंग्रजीत बोलावे, अध्यापनातील अडचणी सोडवाव्यात, ही कल्पना चांगलीच होती. २०२० मध्ये जागतिक बँकेने ‘स्टार्स’ प्रकल्पासाठी ५० कोटी डॉलर मंजूर केले. त्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ही रक्कम केवळ इंग्रजीसाठी नव्हती, आणि तिला मदत म्हणणेही चूक आहे. ते कर्ज होते. त्याची फेड जनतेच्या करांतूनच व्हायची आहे, आणि वेल्ह्यातला शेतमजूर काडेपेटी घेतानाही कर भरतो.

अशा बहुतेक योजनांची एक समान मर्यादा आहे. त्यांचा पैसा अनावर्ती खर्चासाठी असतो : प्रशिक्षणवर्ग, हस्तपुस्तिका, चाचण्या, मूल्यमापन. मुदत संपली की प्रकल्प संपतो. भाषा मात्र आवर्ती खर्चाने येते. रोज वर्गात उभा राहणारा, मुलांशी बोलणारा, पुढच्या वर्षीही तिथेच असणारा शिक्षक, हा तो खर्च. तो राज्याने करायचा असतो, आणि राज्य नेमका तिथेच हात आखडते.

धरणांच्या फुगवट्याकाठच्या दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की सारे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. त्या दिवसांत इंग्रजीच नव्हे, मराठीही शिकवून होत नाही. ऐपत असलेला पालक हे पाहतो आणि मुलाला इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घालतो. पट घटतो. मग घटलेला पट दाखवून सरकार शाळाच गुंडाळू पाहते. २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हा आदर्श म्हणून नंदुरबारमधील तोरणमाळबरोबर वेल्ह्यातील पानशेतचे नाव पुढे केले. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा शाळांतील एक पद कंत्राटी करण्याचा आदेश निघाला. शिक्षकांच्या आंदोलनानंतर तो पुढे रद्द झाला. एका हाताने गुणवत्तेसाठी डॉलर उसने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने शिक्षक कमी करायचे, याला कोणते नियोजन म्हणावे?

समूह शाळेत विषयवार शिक्षक मिळतील, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला मावळातल्या पावसात गाडीच्या भरवशावर ठेवणे हे त्याचे उत्तर नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळा घराजवळ असावी, असे ठरवले आहे. शिक्षकाने मुलांकडे जावे.

भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील ऊस पिकवते, पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. जमिनी मात्र या डोंगरखोऱ्यांतील लोकांच्या बुडाल्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता : कर शेतकऱ्याचा, शिक्षण वरच्या वर्गाचे. त्या हिशेबाची बाकी अजून चुकती झालेली नाही.

आपल्यातील काहींना लोहियांच्या ‘अंग्रेजी हटाओ’ आंदोलनाची आठवण होईल. लोहियांचा रोख मूठभरांच्या सत्तेवर होता. इंग्रजी माध्यमाला आपला विरोध कायम असावा. मुलाचे शिक्षण मराठीतूनच व्हावे. पण एक विषय म्हणून उत्तम इंग्रजी बहुजनांच्या मुलांना नाकारल्याने ती सत्ता ढळत नाही, उलट पक्की होते. नेत्यांची आणि प्राध्यापकांची मुले इंग्रजी शिकतच राहतील.

म्हणून साहाय्य झिडकारण्याऐवजी आपण त्याच्या अटी ठरवाव्यात. कर्ज घ्यायचे तर त्याचा हिशेब तालुकावार आणि मराठीत प्रसिद्ध व्हावा. प्रत्येक केंद्रामागे इंग्रजीचा एक कायम शिक्षक असावा व त्याने केंद्रातील शाळांना आळीपाळीने भेट द्यावी. सहकारी प्रशिक्षणास गेल्यावर वर्ग सांभाळणारा बदली शिक्षक मंजूर व्हावा. प्रकल्प संपल्यावर ही पदे राज्याच्या अंदाजपत्रकात आली पाहिजेत, अशी हमी करारातच असावी. भोर आणि वेल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत या मागण्यांचे ठराव करून घ्यावेत आणि ते जिल्हा परिषदेवर मोर्चानेच पोचवावेत.