मंगळाची स्वारी आणि आमची नात



गेल्या पंधरवड्यात कांदा काढून झाला, मजुरांचा हिशेब भागवला आणि चार दिवस जरा उसंत मिळाली. त्या चार दिवसांत आमच्या घरात लढाई चालली होती. घाबरू नका, भाऊबंदकीची नव्हे. मंगळावरच्या प्राण्यांनी इंग्लंडवर केलेल्या स्वारीची.

आमची नात यंदा अकरावीला आहे. कॉलेजच्या वाचनालयातून तिनं एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे पुस्तक आणलं. दोन जगांमधली लढाई, असं समजा. ही कादंबरी 1897 साली मासिकातून क्रमशः आली आणि 1898 साली तिचं पुस्तक झालं. सव्वाशे वर्षं उलटली, तरी पोरगी ताटावर बसूनसुद्धा पुस्तक खाली ठेवीना. तिची आजी कुरकुरत होती. मी म्हटलं, वाचू दे.

गोष्ट अशी. लंडनजवळच्या वोकिंग गावाच्या माळावर आकाशातून एक भलं मोठं नळकांडं पडतं. बघायला ही गर्दी! एका मिठाईवाल्यानं तर पोराबरोबर हातगाडीभर हिरवी सफरचंदं आणि आल्याचं पेय विकायला पाठवलं. आपल्याकडे विहिरीत बिबट्या पडल्यावर भजीची गाडी येते ना, तसंच. मग नळकांड्यातून मंगळवासी निघतात. पांढरं निशाण घेऊन बोलणी करायला गेलेल्या माणसांना उष्ण किरणांनी जागच्या जागी जाळतात. पुढं तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून गावंच्या गावं उजाड करत लंडनवर चालून जातात. तोफा कमी पडतात, सैन्य पांगतं, माणसं वाट फुटेल तिकडं पळत सुटतात. त्या पळापळीत एका माणसाची सोन्याच्या नाण्यांची पिशवी फाटते, तो नाणी गोळा करायला वाकतो आणि गाडीखाली सापडतो. हे वाचताना नातीनं मला हाक मारून ते पान ऐकवलं.

पण तिला सगळ्यात आवडला तो दूधवाला. आदल्या संध्याकाळी माळावर माणसं जळून गेलीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नेहमीसारखा दारात हजर! “आबा, हे अगदी खरं लिहिलंय,” ती म्हणाली. “2020 मध्ये सगळं बंद होतं, तरी तुम्ही पहाटे किटली घेऊन डेअरीवर जातच होता की.” गाईला काय टाळेबंदी कळते? धार काढावीच लागते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला ते ठाऊक होतं, याचं मलाही बरं वाटलं.

एका ठिकाणी मात्र तिनं लेखकाची चांगलीच हजेरी घेतली. मंगळावरून एक तांबडं तण येतं, ते पाण्याला लागून इतकं माजतं की नदीचं पात्र तुंबतं. आणि मग पृथ्वीवरच्या जंतूंनी रोग पडून आपोआप कुजून जातं. नात म्हणाली, “इतकं सोपं असतं का? त्यांना म्हणावं, आमच्या बांधावर या.” तुम्हीही हसाल. गाजर गवत 1955-56 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं, असं सांगतात. त्याला खाणारे किडे तिकडेच मागे राहिले आणि इथं त्याला मोकळं रान मिळालं. 1984 च्या सुमारास मेक्सिकोतला भुंगा मुद्दाम आणून सोडला, पावसाळ्यात तो पानं फस्तही करतो. तरी गवत आहे ते आहेच. माझ्या खुरप्याला विचारा.

खरा वाद झाला शेवटावरून. तोफांनी नाही, युद्धनौकेनं नाही, तर साध्या जंतूंनी मंगळवासी मरतात. त्यांच्या अंगात आपल्या रोगांशी झुंजण्याची ताकद नव्हती, एवढंच कारण. नात म्हणाली, ही फसवणूक आहे. लढाईची गोष्ट म्हणून बसवलं आणि शेवटी कुणी जिंकलंच नाही.

मी वडीलकीच्या थाटात सांगितलं, “अगं, तेच तर त्याला म्हणायचं आहे. त्या वेळी अर्ध्या जगावर इंग्रजांचा धाक होता. टास्मानियात त्यांनी तिथल्या मूळच्या माणसांचं काय केलं, ते त्यानं पहिल्याच प्रकरणात काढलंय. आपणही कुणाच्या पायाखाली येऊ शकतो, हे त्याला आपल्याच माणसांना दाखवायचं होतं.”

“ते पटलं,” ती म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण आबा, जंतू काय आपल्या बाजूचे होते? मग थोरल्या आबांना कुणी नेलं?”

माझे थोरले बंधू मे 2021 मध्ये करोनानं गेले. ही तेव्हा सहावी-सातवीत. त्यांच्या मांडीवर बसून पाढे शिकलेली. शेवटचं दर्शनसुद्धा लांबून.

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, ते पान पुन्हा वाचून दाखव. तिनं वाचलं, अर्थ सांगितला. वेल्सनंही ते फुकट मिळालं असं म्हटलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या अगणित जीव गेले, तेव्हा माणसाला ही ताकद आली, असा त्याचा हिशेब आहे. ती म्हणाली, “म्हणजे थोरले आबा त्या हिशेबात धरायचे?” मी म्हटलं, मला तो हिशेब मान्य नाही.

मग मला माझ्या आजीचं बोलणं आठवलं. तिच्या आईच्या तोंडून ऐकलेलं ती सांगायची. गाठीचा प्लेग आला, गाव ओस पडलं, माणसं रानात झोपड्या घालून राहिली. आमच्या घरातले दोघे परत गावात आलेच नाहीत. 1896 साली प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. म्हणजे तिकडं मासिकात मंगळवासी जंतूंनी मरत होते, तेव्हा इकडं आपली माणसं जंतूंनी मरत होती. आणि त्याच 1897 च्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

नात चमकून म्हणाली, “मग लढलं की कुणीतरी! हे पुस्तकात का नाही?”

आता तिनं वहीत त्यावरच लिहायला घेतलं आहे. पुस्तक सोमवारी परत द्यायचंय. तोवर संध्याकाळी भाकऱ्या होताना ती एकेक प्रकरण मराठीत सांगते. आजीची कुरकुर थांबली. आमच्या थोरल्या वहिनीही चुलीपाशी येऊन बसतात. फारसं बोलत नाहीत. परवा त्यांनी एवढंच विचारलं, “त्या दूधवाल्याचं पुढं काय झालं गं?”

नात म्हणाली, ते दिलेलं नाही.