नंबर लावलेला माणूस

१९ सप्टेंबर २०२५ची सकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या दूरदर्शन संचावर मुंबईची बातमी चालू होती. आयफोन १७ची विक्री त्या दिवशी सुरू झाली होती आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानासमोर रात्रीपासून थांबलेल्या तरुणांत धक्काबुक्की झाली होती. सुरक्षारक्षक कॉलर धरून माणसे वेगळी करत होते. बाकावर बसलेले आमचे रुग्ण हसत होते. 'पाणी आठवड्यातनं एकदा येतंय, त्याला कोण एवढी रांग लावत न्हाई,' असे कुणीतरी म्हणाले आणि हशा वाढला. एकच गृहस्थ हसत नव्हते.

वय बहात्तर. एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर अडतीस वर्षे दिवाणजी होते. इचलकरंजीत दिवाणजी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. सुताचा सौदा कधी झाला, कोणत्या भावाने, माल कधी सुटणार, पैसे किती दिवसांच्या धाऱ्यावर, हे सारे ज्याच्या वहीत आणि त्याहून अधिक ज्याच्या डोक्यात असते, तो माणूस. आम्ही त्यांना काका म्हणतो. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, पण गोळ्या वेळेवर घेणारे, पथ्य पाळणारे, डॉक्टरला अभिमान वाटावा असे रुग्ण.

त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १८६/१०४ भरला.

घडले ते असे. काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजला आहे. समोरच्या माणसाचा चेहराच त्यांना पुसट दिसतो. मुलगा परदेशी, नातू दीड वर्षाचा. मोठ्या पडद्याचा एक नवा फोन येणार असल्याचे काकांनी वर्तमानपत्रात वाचले आणि दिवाळीत काकूंना नातवाचा चेहरा त्यावर मोठा करून दाखवायचा, असे मनाशी ठरवले. फोन कोणत्या कंपनीचा, दुकान कोणते, याला इथे महत्त्व नाही. ऑगस्टमध्येच दोन हजार रुपये भरून त्यांनी नाव नोंदवले. 'पहिल्या दिवशी घेऊन जा,' असे दुकानदाराने सांगितले होते.

तो पहिला दिवस आदल्या दिवशीच होऊन गेला होता. काका नऊ वाजता दुकानाबाहेर हजर झाले. दुकान दहाला उघडते. रांगेत लघवीला जाता येणार नाही म्हणून त्यांनी लघवीची गोळी घेतलीच नाही. पाणीही प्यायले नाहीत. साखरेची गोळी मात्र सवयीने घेतली, आणि न्याहारी 'आल्यावर करू' म्हणून राहिली. साडेबाराला त्यांना उत्तर मिळाले: 'बुकिंगवाल्यांचा माल पुढच्या लॉटमध्ये येणार आहे.' ते वळतात तोच एक तरुण आत आला, काउंटरवर पैसे भरले आणि तोच फोन घेऊन बाहेर पडला. काकांनी विचारले. आवाज चढला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'आजोबा, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक थांबलंय.'

हे सारे ऐकून मी काय म्हणालो, ते लिहायला संकोच वाटतो. मी म्हणालो, 'अहो काका, फोनच तर आहे. सोडून द्या.' घरी मुलीनेही तेच म्हटले होते: 'या वयात कशाला हवा होता तुम्हाला नवीन फोन?' काका गप्प झाले. त्यांचे गप्प होणे मला त्या वेळी समजूत पटल्यासारखे वाटले. ते तसे नव्हते.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात नंबर लावलेले आहेत. बजाज स्कूटरसाठी पैसे भरून सात-आठ वर्षे, कुणी दहा वर्षेही वाट पाहिली. टेलिफोनसाठी अर्ज करून मुले मोठी झाली. त्या काळी अन्याय नव्हता असे मुळीच नाही. जादा अनामत भरणाऱ्याला लवकर टेलिफोन देणारी योजना सरकारचीच होती, आणि नंबर लागलेली स्कूटर वरकड पैसे घेऊन दुसऱ्याला विकणारे गल्लोगल्ली होते. पण यादी होती, यादीत आपला क्रमांक होता आणि तो मागे जात नसे. ज्याचा सौदा आधी त्याचा माल आधी, या एका वाक्यावर काकांची अडतीस वर्षे गेली. त्यांचा राग फोन न मिळाल्याचा नव्हताच. आपला नंबर कुणीतरी पुसून टाकला, आणि विचारले तर 'बाजूला व्हा' म्हटले, त्याचा होता.

आता दुकानदाराची बाजूही थोडी सांगतो, कारण यंत्रणा कळली की रागाची धार कमी होते. नव्या फोनचा साठा एका ढिगातून येत नाही. ऑनलाइन नोंदणीचा वाटा वेगळा, कंपनीच्या स्वतःच्या दुकानांचा वेगळा, मोठ्या साखळी-दुकानांचा वेगळा, आणि गावातल्या विक्रेत्याच्या हाती उरलेले. ऑनलाइनवाल्यांना माल आधी आणि आम्हाला मागून, ही किरकोळ मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनांची तक्रार अनेक वर्षे चालू आहे. शिवाय नोंदणी विशिष्ट रंगाची आणि विशिष्ट साठवणक्षमतेची असते. तुमचा निळा आलेला नसतो आणि काचेत काळा असतो. त्या तरुणाने काळाच घेतला असेल. पण 'काळा चालेल का?' एवढे काकांना विचारता आले असते. दुसरीकडे, कव्हर, विमा, कानात घालायची यंत्रे अशी जोडखरेदी करणाऱ्याला हातातला नग देण्याचा मोह काही दुकानदारांना होतो, हेही खरे आहे. मागणीचा अंदाज कंपन्यांचाही चुकतो. ऑगस्ट २०१७मध्ये जिओफोनची ५०० रुपये भरून आगाऊ नोंदणी उघडली, तेव्हा मागणी इतकी लोटली की ती थोड्याच दिवसांत थांबवावी लागली.

पण मी डॉक्टर आहे, आणि मला बोलायचे आहे ते त्या साडेतीन तासांत शरीराचे काय झाले, त्याविषयी.

उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते पिळून वर ढकलतात, एका जागी उभे राहताना ढकलत नाहीत. त्यात पाणी प्यायलेले नसले की चक्कर येण्याची तयारी पूर्ण होते. लघवीची गोळी चुकवली की रक्तदाब वर जातो, आणि लघवी तुंबवून धरली तरी तो वरच जातो. साखर उतरवणारी गोळी पोटात आणि अन्न नाही, ही तर सर्वांत वाईट जोडी. साखर घसरताना माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, आणि चिडचिडही होते. काकांच्या चढलेल्या आवाजात न्याहारीचा वाटा किती होता, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

आणि राग. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संतापाचा मोठा उद्रेक झाल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता इतर वेळेच्या मानाने जवळजवळ पाचपट आढळली. घाबरून जाऊ नका. एका माणसाच्या एका रागापुरता हा धोका लहानच असतो. पण ज्यांच्या धमन्या आधीच अरुंद आहेत, ज्यांना मधुमेह आहे आणि ज्यांचा राग रोजचा झाला आहे, त्यांच्या बाबतीत तो साठत जातो. म्हणून भांडणानंतर छातीत दाब वाटला, धाप लागली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर रक्तदाब मोजत बसू नका. १०८ला फोन करा. यातले काही नसेल आणि नुसता आकडा मोठा दिसत असेल, तर मात्र उतावीळ होऊ नका.

उतावीळ मीच झालो. आठवड्यात काका दोनदा आले, आकडा १७०च्या वरच. मी एक गोळी वाढवली. दहा दिवसांनी काकूंचा निरोप आला की रात्री उठताना ते भिंतीला धरतात. बोलावून बसवले तेव्हा १३८/८०, उभे करून दोन मिनिटांनी मोजले तर ११२/७०. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला, तर ते उभे राहताना रक्तदाब घसरणे होय, आणि म्हातारपणी मांडीचे हाड मोडण्याच्या कितीतरी कहाण्या इथूनच सुरू होतात. वाढवलेली गोळी मी बंद केली. काका चप्पल घालता घालता थांबले आणि म्हणाले, 'डॉक्टर, पैशे गेले तर बी बीपी वाढतो काय हो?'

मी दार लावून घेतले आणि त्यांना पुन्हा बसवले.

दुकानातल्या प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या फोनवर संदेश आला होता. तुमचे बुकिंग प्रलंबित आहे, प्राधान्याने घरपोच हवे असल्यास १४९९ रुपये भरा, खाली दुवा. त्यांनी भरले. फोन आला नाही, तो क्रमांकही लागेना. हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. मुलीला नाही, मला नाही. का, ते विचारायची मला गरज नव्हती. 'फोनच तर आहे' म्हणणाऱ्या माणसाकडे ही गोष्ट घेऊन कोण येईल?

दुकानातून माहिती फुटली, असे म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. असे संदेश घाऊक सोडले जातात, आणि नव्या फोनच्या हंगामात नोंदणी अडकलेली माणसे त्यांना आपोआप सापडतात. पण वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवले, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची आशा असते. काकांनी तोंड उघडेपर्यंत सतरा दिवस गेले होते. आम्ही तरीही दवाखान्यातूनच तक्रार नोंदवली. नोंदणीच्या दोन हजारांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर बोललो. पावती होती, दिवाणजीची ती, जपून ठेवलेली. पण तिच्यावर फोन देण्याची तारीख लिहिलेली नव्हती. 'सगळ्या बाजाराच्या तारखा लिवल्या, ही सुटली,' ते स्वतःवरच चिडून म्हणाले.

घरातल्या तरुणांना माझी विनंती आहे. आईवडील नवी वस्तू घ्यायची म्हणाले, तर 'कशाला' हा शब्द आधी उच्चारू नका. काय करायचे आहे त्या वस्तूने, ते विचारा. काकांच्या मुलीला काकूंच्या डोळ्यांचे कारण आधी कळते, तर तिने कदाचित घरातल्या दूरदर्शन संचावरच व्हिडिओ कॉल लावून दिला असता. फोनपेक्षा तो कितीतरी मोठा. नोंदणी करायचीच असेल तर पावतीवर प्रकार, रंग, तारीख आणि तारीख चुकल्यास रक्कम किती दिवसांत परत, हे लिहून घ्या. अनामत कमीत कमी भरा. विक्रीच्या दिवशी दुकानात फोन करून नग आला का ते विचारा, आणि आला असेल तरच दुपारच्या निवांत वेळी जा. रांगेत उभे राहायचे काम नातवंडांकडे द्या. ज्येष्ठांनी जायचेच म्हटले तर न्याहारी, गोळ्या आणि पाणी झाल्यावरच, आणि सोबत घडीची खुर्ची.

आणि काही बिनसले, तर ऐकून घ्या. पूर्ण ऐका. मधे उपाय सांगू नका. मी सांगितला, त्याचे काय झाले ते वर लिहिले आहे.

रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटे टेकून बसावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत, लघवी करून आलेले असावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, आणि मोजताना बोलू नये. भांडून आल्यावर मोजलेला आकडा औषध ठरवण्यासाठी धरू नये. हे मला ठाऊक होते आणि तरी मी धरला.

दिवाळीत फोन आला नव्हता. दोन हजार नोव्हेंबरात परत मिळाले. काकूंनी नातू दूरदर्शन संचावर पाहिला. नाक आजोबांवर गेले आहे, असे त्यांचे म्हणणे. गेल्या आठवड्यात काका तपासणीला आले तेव्हा त्यांनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. डाव्या पानावर रोजचा रक्तदाब, बसून आणि उभे राहून, दोन रकान्यांत, सुवाच्य अक्षरात. उजव्या पानावर दोन नोंदी होत्या: दोन हजार, जमा. त्याखाली १४९९, बुडीत.

'बुडीत खात्याची नोंद केली की पुढचा हिशेब चालू होतोय डॉक्टर,' ते म्हणाले, 'पण नोंद करायला आधी कुणाला तरी सांगावं लागतंय.' मग त्यांनी बाही वर केली.

१३२/७८. उभे राहून १२८.