अनवाणी घोड्याची कैफियत

2021 च्या ऑगस्टात टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या अश्वारोहकांनी अडथळे ओलांडण्याच्या सांघिक स्पर्धेत अमेरिकेला अखेरच्या निर्णायक फेरीत मागे टाकून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा पेडर फ्रेडरिकसन यांचा ‘ऑल इन’ आणि हेन्रिक फॉन एकरमान यांचा ‘किंग एडवर्ड’ हे त्या चमूतील दोन घोडे पायांत नाल नसतानाच मैदानात उतरले होते, ही गोष्ट आपल्याकडील वृत्तपत्रांच्या नजरेतून निसटली असली तरी अश्वविद्येत ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या नजरेतून निसटली नाही. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील हेर्निंग येथे याच किंग एडवर्डने आपल्या स्वाराला जगज्जेतेपद मिळवून दिले. दीड मीटरहून उंच अडथळ्यावरून घोडा खाली येतो त्या क्षणी त्याचा सारा भार प्रथम एका पुढच्या पायावर पडतो. तो भार नैसर्गिक खूर झेलू शकतो एवढे तरी या दोन घोड्यांनी निर्विवाद सिद्ध केले.

तथापि एवढ्यावरून आपल्या गावच्या प्रत्येक घोड्याचे नाल उद्याच उपटून टाकावेत, असा निष्कर्ष जो काढील तो घोड्याचा हितचिंतक खास नव्हे. स्वीडनमध्येच दुडक्या चालीच्या शर्यतींत घोडे अनवाणी पळवण्याची चाल आहे. परंतु तिथे शर्यतीच्या दिवसापुरते नाल काढण्यामागे पाय हलका करून काही क्षण वाचवण्याचा हिशेब पुष्कळदा असतो, आणि म्हणूनच ऐन हिवाळ्यात, धावपट्टी गोठून टणक झालेली असताना, असे करण्यास तेथील नियमांनी मनाई केली आहे. अनवाणीपणात दया असतेच असे नाही. माझे म्हणणे याहून मर्यादित, परंतु आपल्या नेहमीच्या वहिवाटीला छेद देणारे आहे: घोड्याला नाल का नको, हे आज अनवाणी घोडा पाळणाऱ्याला पटवून द्यावे लागते, वस्तुतः नाल का हवा, हे सिद्ध करण्याचा भार नाल ठोकणाऱ्यावर असला पाहिजे.

हा वाद नवा नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, तेव्हा खिळ्यांनी ठोकलेला नाल ग्रीसमध्ये ठाऊकच नव्हता. त्यामुळे घोडा विकत घेताना प्रथम पाय पाहा, ओलसर आणि गुळगुळीत जमिनीवर त्याला बांधू नका, आणि तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोल दगडांचा थर पसरून त्यावर त्याला उभे करा म्हणजे खूर आपोआप कणखर होतील, हा त्याचा उपदेश केवळ शौकाचा नसून लष्करी निकडीचा होता. मंगोलियाच्या माळांवरील घोडे आजही बहुतांशी विनानाल धावतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ब्रेसी क्लार्क या पशुवैद्याने खूर ही लवचिक वस्तू असून लोखंड तिला जखडते असे आग्रहाने मांडले, आणि व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. पुढे 1980 नंतरच्या दशकात जेमी जॅक्सन या अमेरिकन नालबंदाने तेथील ओसाड पठारांवरील रानटी घोड्यांची खुरे अभ्यासून त्याच मताला निरीक्षणाचा आधार दिला.

आपल्या इतिहासाची साक्ष मात्र सरळसरळ अनवाणी पक्षाच्या बाजूने पडत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. भीमथडीच्या तट्टांच्या काटकपणाचे गोडवे गाताना आपण विसरतो की, मराठ्यांच्या लष्करी दप्तरांत शिलेदाराला मोहिमेच्या आरंभी द्यावयाच्या आगाऊ रकमेची नोंद ‘नालबंदी’ याच नावाने होत असे. खडकाळ मुलखातून महिनोन्‌महिने दौड करणाऱ्या फौजेत खुराची झीज त्याच्या वाढीपेक्षा अधिक झाली की लोखंडावाचून गत्यंतर नसते. प्रश्न एवढाच की, शनिवार-रविवारी अर्धा कोस चालणाऱ्या, एरवी थानावर उभ्या असणाऱ्या घोड्याला मोहिमेचा हा सरंजाम कशासाठी?

खूर उचलून हातात घ्यावे आणि खालून नीट पाहावे. बाहेरची कडा म्हणजे आपल्या नखाच्याच द्रव्याची घट्ट भिंत. तिच्या आतून फिकट रंगाची एक बारीक रेघ जाते, आणि त्या रेघेच्या आत संवेदनशील भागाचे राज्य सुरू होते. मधोमध टाचेकडून पुढे निमुळती होत गेलेली रबरासारखी चिवट त्रिकोणी गादी असते. पाऊल टेकते तेव्हा टाचा किंचित फाकतात, ही गादी जमिनीला भिडते, तिच्या मागची मऊ उशी दबते, धक्का शोषला जातो आणि खुरातील रक्ताच्या अभिसरणाला गती मिळते. सहा-आठ खिळ्यांनी बसवलेल्या ताठर लोखंडी पट्टीवर हा पसारा टेकवला म्हणजे फाकण्याला मर्यादा येते, गादी बहुधा जमिनीपासून अधांतरी राहते आणि वापराअभावी आक्रसते. शिवाय नाल झीज थांबवतो, वाढ थांबवत नाही. म्हणून दीड महिन्याच्या आसपास तो काढून, खूर छाटून पुन्हा बसवावा लागतो. इथेच आपल्याकडे घोडे पेंड खाते. नाल झिजून पातळ होईपर्यंत, किंवा एखाद्या दिवशी निखळून रस्त्यावर पडेपर्यंत, त्याकडे कोणी पाहत नाही. तोवर चवडा पुढे लांबलेला असतो, टाच खचलेली असते, आणि पायाच्या मागच्या स्नायुबंधावर प्रत्येक पावलाला नको तो ताण पडत असतो.

पुण्याच्या पूर्वेला एका तबेल्यात अशीच एक कुमैत घोडी मी पाहिली होती. जुन्या खिळ्यांच्या भोकांनी तिच्या खुराची कड एवढी चाळण झाली होती की नवा खिळा धरायला जागाच उरली नव्हती, तेथील वृद्ध नालबंदाने हातोडी खाली ठेवली, कानस उचलली, कड गोल घासून दिली आणि मालकाला शांतपणे म्हणाला, “साहेब, आता हिला वर्षभर माती चालवा, मग मला बोलवा.” इतका शहाणा सल्ला मी मोठमोठ्या पदवीधरांकडूनही क्वचितच ऐकला आहे. वर्ष त्याने उगाच सांगितले नव्हते. खुराची भिंत महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते, आणि वरच्या केसाळ कडेपासून चवड्याच्या टोकापर्यंत नवे खूर उतरायला नऊ ते बारा महिने लागतात.

या काळात धन्याची परीक्षा असते. नाल काढला म्हणजे खर्च वाचला असे समजणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. दर चार-सहा आठवड्यांनी कानस फिरली पाहिजे, रोज खरारा होतो तसे रोज चारही खुरांतून खडे आणि लीद काढली पाहिजे, उभे राहण्याची जागा कोरडी हवी, नाहीतर ती त्रिकोणी गादी सडून दुर्गंधी येऊ लागते; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोड्याला चालवले पाहिजे, कारण नुसत्या विश्रांतीने खूर घडत नाही. त्यानंतर तोबरा. घोड्याच्या अंगावर तकाकी यावी म्हणून भरमसाट चंदी आणि वर गुळाचा खडा चारणे हे आपल्याकडे लाडाचे लक्षण मानतात. परंतु पिष्ट आणि साखर यांच्या अतिरेकाने खुरातील भिंत आणि हाड यांना जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांचा दाह होतो, पाय तापतात, घोडा पुढचे पाय पुढे ताणून मागे झुकून उभा राहतो, आणि दुखणे विकोपास गेले तर आतले हाडच जागा सोडते. अशा घोड्याला नाल असो वा नसो, सारखेच. वैरण सुधारल्याशिवाय अनवाणीपणाचा प्रयोग करणे म्हणजे निव्वळ क्रौर्य होय.

स्वारालाही आपली बैठक सोडून कान आणि डोळे वापरण्याची सवय लावून घ्यावी लागते. निरोगी अनवाणी घोडा सपाट वाटेवर टाच आधी टेकतो. चवडा आधी टेकू लागला, पावले आखूड पडू लागली, वाटेच्या कडेच्या गवताकडे तो आपणहून सरकू लागला, तर खडीवर दुडकी मारण्याचा हट्ट सोडून लगाम सैल करावा आणि प्रसंगी खाली उतरून शेजारून चालावे. आधी माती, मग मुरूम, मग थोडी खडी, असा क्रम ठेवला तर तळवा जाड होत जातो. लांबच्या पल्ल्यासाठी खुरांना घालावयाचे रबरी बूट मिळतात. काम संपले की ते काढून ठेवता येतात, हा खिळ्यांवरचा त्यांचा मोठा वरचष्मा. डांबरी रस्त्याचे भय घालणाऱ्यांना अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या पोलिसांचे अश्वदल दाखवावे. तेथील घोडे विनानाल गस्त घालतात.

आपल्याकडे या प्रश्नाची खरी कसोटी माथेरानात लागणार आहे. मोटारींना बंदी असलेल्या या डोंगरावर दस्तुरी नाक्यापासून पुढे चारशेहून अधिक घोडे माणसे वाहून नेतात, आणि तांबड्या जांभ्या मातीची तेथील वाट अनवाणी खुराला जितकी मानवेल तितकी क्वचितच दुसरी एखादी मानवेल. त्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याची टूम निघाली, तेव्हा घोड्यांचे पाय घसरतात अशी तक्रार घेऊन अश्वपाल पुढे आले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर, विशेषतः तो ओला असताना, लोखंड नैसर्गिक खुरापेक्षा अधिक निसटते. रस्त्याचा आराखडा मंजूर करणारा अभियंता घोड्याच्या पायांचाही निर्णय करीत असतो, हे त्या आराखड्याच्या मिसलीत कुठेही लिहिलेले नसते. पावसात धूप होते, हातगाड्या आणि ई-रिक्षा चिखलात रुततात, या अडचणी खोट्या नाहीत. पण फरसबंदीच्या बाजूने मातीचा एक पुरेसा रुंद पट्टा राखून ठेवण्यास कोणाची हरकत असावी, हे मला उमगत नाही.

आणि तरीही माथेरानच्या अश्वपालाला मी कोणत्या तोंडाने सांगू, की बाबा रे, नाल काढ? त्याचा घोडा चार महिने जपून चालला तर त्याच्या घरची चूल कोण पेटवणार? शहरातून आलेला प्राणिमित्र सायंकाळच्या गाडीने परत जातो. म्हणून जबाबदारी नगरपरिषदेने आणि पशुसंवर्धन खात्याने उचलली पाहिजे, आणि त्यासाठी सवडीचा काळ निसर्गानेच नेमून दिला आहे. जूनपासून पर्यटक विरळ होतात. त्या वेळी नाल काढले, तर ऑक्टोबरअखेर खूर तीन ते पाच सेंटिमीटर उतरलेले असेल, म्हणजे खिळ्यांची भोके असलेला भाग दिवाळीच्या गर्दीआधी बहुतेक कानशीखाली निघून जाईल. अडचण एकच, पण मोठी: माथेरानचा पाऊस खूर मऊ करतो, आणि भिजलेल्या चिखलात उभा राहिलेला अनवाणी घोडा नाल असलेल्या घोड्याहून लवकर लंगडेल. तेव्हा डोंगरावर सामायिक निवारे हवेत, वर पत्रा, खाली उताराची जमीन आणि तिच्यावर वाटोळ्या गोट्यांचा वीतभर थर. परवान्याच्या वार्षिक तपासणीत कागदाबरोबर खुरेही उचलून पाहावीत. आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने नालबंदांच्या मुलांसाठी खूर छाटणीचा छोटा अभ्यासक्रम चालवावा. दस्तुरीवर प्रत्येक प्रवाशाकडून जो कर घेतला जातो, त्याचा काही हिस्सा या निवाऱ्यांसाठी तोडून देण्याचा ठराव येत्या पावसाळ्यापूर्वी नगरपरिषदेला सहज करता येईल.