नाव जुळले, माणूस जुळला का?

महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा आहे. गणेश रामचंद्र यांचा मुलगा रामचंद्र गणेश आणि त्याचा मुलगा पुन्हा गणेश रामचंद्र. आडनाव तेच, घर तेच, पुष्कळदा बँकेची शाखाही तीच. आजोबांच्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होते, नातवाच्या खात्यात शिष्यवृत्ती. घरातील माणसांचा या दोघांविषयी कधीच गोंधळ होत नाही. संगणकाचा मात्र होऊ शकतो. कारण त्याला जेवढे विचारावे, तेवढेच तो पाहतो.

शिष्यवृत्तीची यादी करणारी शाळा, पगारपत्रक करणारी पेढी, देखभाल खर्चाचा हिशेब ठेवणारी गृहनिर्माण संस्था, अशा अनेकांचे काम आज एक्सेलच्या तक्त्यावर चालते. नाव देऊन खाते क्रमांक मिळविण्यासाठी ‘व्हीलुकअप’ हे सूत्र सर्रास वापरले जाते. नेमकी जुळणी मागितली असता हे सूत्र वरून खाली येताना जुळणारी पहिली नोंद उचलते आणि तेथेच थांबते. त्याच नावाची दुसरी नोंद खाली आहे, हे ते सांगत नाही. सूत्रातील चौथा घटक गाळला, तर नेमकी जुळणीही होत नाही. यादी क्रमवार आहे असे गृहीत धरून जवळची नोंद दिली जाते. नोंद सापडलीच नाही तर तक्ता तसे स्पष्ट दाखवितो आणि काम करणारा सावध होतो. चुकीची नोंद मात्र रकान्यात नेटकेपणाने बसते. न मिळालेल्या उत्तरापेक्षा चुकीचे उत्तर अधिक धोक्याचे असते, ते यामुळेच.

हा धोका तक्त्यापुरता राहत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येणारी रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची राहील. म्हणजे यादीतून जो क्रमांक उचलला गेला, त्याच खात्यात पैसे जाणार. पुढे ३० डिसेंबर २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना सूचना दिली की, आरटीजीएस व एनईएफटीने रक्कम पाठविण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पडताळून पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी. क्रमांकाच्या जोडीला नाव, अशी ही दुसरी अट होय आणि ती स्वागतार्हच आहे. तथापि आजोबा आणि नातू यांच्या बाबतीत नावही जुळणार! तेथे पडद्यावरील नाव पाहून निर्धास्त होणे योग्य ठरणार नाही. खरी दक्षता मूळ यादीतच घ्यावयास हवी.

म्हणूनच ज्या यादीवरून पैसे द्यावयाचे आहेत, तिच्यात एकाच अटीवर केलेला शोध ग्राह्य धरू नये. नाव, जन्मतारीख आणि शाखा या तिन्ही अटी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. उत्तर उचलण्यापूर्वी अशा नोंदी किती, हे मोजावे. २००७ च्या एक्सेलपासून उपलब्ध असलेले ‘काउंटइफ्स’ हे सूत्र नेमके हेच काम करते. एक हे उत्तर आले तर पुढे जावे. शून्य आले तर तपशील पुन्हा विचारावा. दोन वा अधिक आले तर आणखी एक अट घालावी. त्यानंतर ‘इंडेक्स’ व ‘मॅच’ यांच्या जोडीने खाते क्रमांक काढता येतो. खरी ठरलेली प्रत्येक अट एक आणि खोटी ठरलेली शून्य. त्यांचा गुणाकार जेथे एक येतो, तीच हवी असलेली ओळ. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतील ‘फिल्टर’ हे सूत्र तर जुळणाऱ्या सर्व ओळी समोर मांडते. दोन रकाने जोडून शोध घेणाऱ्यांनी मध्ये एखादे चिन्ह अवश्य घालावे. अन्यथा इमारत १ मधील सदनिका २३ आणि इमारत १२ मधील सदनिका ३ या दोन्ही ‘१२३’च ठरतील.

पन्नास नावांच्या यादीसाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु एकाच गावातील, एकाच भावकीतील लहान यादीतच नावे अधिक सारखी असतात. अटी वाढल्या की एखाद्या अक्षराच्या फरकाने नोंद सापडत नाही, हेही खरे आहे. पण ती चूक लगेच दिसते आणि एका दूरध्वनीने दुरुस्त होते. दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम परत मिळविण्यासाठी मात्र अर्ज, पत्रव्यवहार आणि प्रतीक्षा वाट्यास येते. दरम्यान एखाद्या विद्यार्थ्याच्या शुल्काची मुदत टळून जाते.

जन्मतारखेचा एक रकाना एकदाच भरावा लागतो. त्या अल्प श्रमाने ज्याचे पैसे त्याच्याच हाती पडणार असतील, तर तो रकाना कोणत्याही यादीत रिकामा राहता कामा नये.