अनाथ सायकलींचे वकीलपत्र

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज मी जिची बाजू घेऊन उभा आहे तिची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिचे नाव कथलाबाई. हातात मात्र, सोन्याचा नसला तरी, चोख चांदीचा वाळा. पण नाव ऐकताच लोक तोंड फिरवतात, हाताकडे कोणी पाहतच नाही. ही कथलाबाई म्हणजे 1960 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या डिपार्टमेंट स्टोअरांनी विकलेली, खाली वळलेल्या हँडलची, दहा गियरची सायकल.

डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे काय, हे आता नव्याने सांगायला नको. एकाच छपराखाली कोटापासून कुदळीपर्यंत सारे काही मिळायचे. शिकागोची सीअर्स, तिथलीच मॉन्टगोमेरी वॉर्ड, शिवाय जे. सी. पेनी, अशी त्यातली बडी घराणी. त्यांचे जाडजूड कॅटलॉग खेड्यापाड्यांतल्या घरांत टपालाने जात. शेतकऱ्याची बायको त्यातून पडद्याचे कापड मागवी, नवरा अवजारे मागवी आणि पोरगा सायकलीच्या पानाशी कोपरा दुमडून ठेवी. त्या पानावरची सायकल आज जुन्या सायकलींच्या शौकिनांपुढे नेऊन उभी करा. ते हसतात. इंग्रजीत त्यांनी अशा मालाला एक कुचकट नाव ठेवले आहे. मराठीत सांगायचे तर 'सायकलच्या आकाराची वस्तू'.

हे हसणे मी समक्ष पाहिले आहे. शिकागोजवळच्या एका उपनगरात माझा पुतण्या राहतो. त्याच्याकडे गेलो असताना गॅरेज साफ करण्याचा बेत निघाला. आधीच्या घरमालकाने सोडून दिलेली एक निळी सायकल भिंतीला टेकून होती. "काका, ही उद्या रस्त्याच्या कडेला ठेवतो. कचऱ्याची गाडी घेऊन जाईल," पुतण्या म्हणाला. शेजारचे गृहस्थ सायकलींतले जाणकार. त्यांना मुद्दाम बोलावले. ते आले, हँडलखालचा सीअर्सचा बिल्ला पाहिला, हसले आणि "खुशाल टाका" म्हणून गेले. साऱ्या परीक्षेला अर्धे मिनिटही लागले नाही. ते एकदाही खाली वाकले नाहीत.

माझे भांडण आहे ते या न वाकण्याशी. आपण मराठी माणसे नव्या माणसाला आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो आणि तेवढ्यावर त्याची किंमत ठरवून मोकळे होतो. ही खोड वाईट, हे आता आपल्यालाही पटू लागले आहे. मग लोखंडाच्या बाबतीत ती शहाणपणाची कशी ठरते?

पहिला आरोप असा की, हिला विकणारा सायकलवाला नव्हता. कबूल. पण तो बनवणाराही नव्हता, हे आरोप करणारे विसरतात. बिल्ल्यावरचे नाव विकणाऱ्याचे असते. कधी कधी तेही धड नसते. सीअर्सच्या खेळाच्या सामानावर अनेक वर्षे 'जे. सी. हिगिन्स' हे नाव असे. हे हिगिन्स कोणी सायकलपटू नव्हेत. ते कंपनीच्या कचेरीतल्या हिशेबनिसांचे प्रमुख होते! साठीच्या दशकात त्यांची जागा टेड विल्यम्स यांनी घेतली. हे बेसबॉलचे नामांकित फलंदाज. सायकलशी त्यांचा संबंध तुमच्या-माझ्याइतकाच. पुढे 'फ्री स्पिरिट' आले. मॉन्टगोमेरी वॉर्डच्या सायकलीवर 'हॉथॉर्न' असे. ही सारी दुकानाने दिलेली नावे. त्यांवरून कुळ कळत नाही.

कुळ कळते ते आकड्यावरून. सीअर्सने प्रत्येक पुरवठादाराला एक आकडा दिला होता, आणि मालाच्या नंबराची सुरुवात त्या आकड्याने होई. सायकलीच्या सांगाड्यावरचा नंबर 502 ने सुरू झाला तर ती मरे या अमेरिकन कारखान्याची. 503 ने झाला तर ती थेट ऑस्ट्रियातून आलेली, श्टायर-डाइमलर-पूख या कंपनीची. माझ्या पुतण्याच्या गॅरेजातल्या निळ्या सायकलीचा नंबर बैठकीखालच्या नळीच्या मागच्या अंगाला होता. बोटाने धूळ पुसली. पहिले तीन आकडे 503.

आता हे पूख कोण? योहान पूख हा स्लोव्हेनियन शेतकऱ्याचा मुलगा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात सायकलींचा कारखाना उभा केला. 1934 साली तो कारखाना श्टायर आणि डाइमलर यांच्याशी एक झाला. पुढे याच कंपनीच्या उंची सायकली 'ऑस्ट्रो-डाइमलर' या नावाने अमेरिकेत निवडक सायकलवाल्यांकडे विकायला आल्या, आणि शौकीन आजही त्यांच्यावर जीव टाकतात. तीच कंपनी सीअर्सलाही सायकली पुरवीत होती. दोन्हींच्या नळ्या एका तोलाच्या होत्या असे मी म्हणणार नाही. ऑस्ट्रो-डाइमलरच्या वरच्या दर्जाला सीअर्सची सायकल पोचत नाही. पण एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एक श्रीमंताकडे पडली आणि दुसरी कारकुनाकडे, म्हणून दुसरीला माहेरच नाही असे म्हणायचे का?

दुसरा आरोप वजनाचा. या सायकली जड, लोखंडी, ओबडधोबड. यात बरेच तथ्य आहे, आणि वकिलाने खोटे बोलू नये. पुष्कळशा खरोखरच जड होत्या. पत्रा कापून केलेल्या पट्ट्या, पोलादी रिमा, कसेबसे जोडलेले सांधे असला मालही या दुकानांनी विकला. पण याच न्यायाने आणखी एका सायकलीला पिंजऱ्यात उभे करा. श्विन कंपनीची 'व्हार्सिटी' ही त्या काळची मोठ्या खपाची दहा गियरची सायकल, आणि ती मिळे ती खास सायकलवाल्याच्या दुकानात. तिलाही पोलादी रिमा, तिलाही एकाच कांबीतून वाकवलेला क्रँक, आणि वजन सुमारे 17-18 किलो! तिला मात्र लोक प्रेमाने 'चिवट' म्हणतात. सायकलवाल्याकडची असली की चिवट, डिपार्टमेंट स्टोअरची असली की ठोकळा. दुकानाची पायरी बदलली म्हणून लोखंडाचे वजन बदलते, हे पदार्थविज्ञान मला ठाऊक नव्हते.

तिसरा आरोप असा की, या सायकली पहिल्या दिवसापासून नीट चालतच नसत. हा आरोप खरा आहे, पण गुन्हेगार भलताच आहे. सायकलवाला सायकल स्वतः जुळवून, चाके सरळ करून, ब्रेक लावून मग गिऱ्हाइकाच्या हाती देई. डिपार्टमेंट स्टोअरची सायकल खोक्यातून येई. ती जुळवायची कोणी? दुपारी पंखे विकणाऱ्या पोऱ्याने, नाही तर नाताळच्या आदल्या रात्री, पोरे झोपल्यावर, हातात पाना धरलेल्या बापाने. बेअरिंगचे कोन आवळून बसलेले, ग्रीसचा पत्ता नाही, ब्रेकची तार सैल. पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या सायकलीही रस्त्यावर दिसत. लग्नात पुरोहित मंत्र चुकला म्हणून नवरीला नावे ठेवण्यातला हा प्रकार. हीच सायकल एखाद्या चांगल्या मिस्त्रीने उघडून, पुसून, नवे ग्रीस भरून पुन्हा जुळवली, तर ती काय बोलते ते ऐका आणि मग निकाल द्या.

निकाल द्यायचा तर पाहावे तरी काय? मोठी विद्या लागत नाही. पुण्यात किंवा सांगलीत ज्याने लहानपणी भाड्याची सायकल घेतली आहे, त्याला यातले निम्मे ठाऊक असते.

आधी क्रँक पाहा. दोन्ही पेडलांना जोडणारा दांडा एकाच कांबीतून वाकवलेला असेल, तर सायकल बहुधा अमेरिकन कारखान्याची, मजबूत पण जड. दोन बाजूंचे क्रँक वेगळे आणि आपल्या ओळखीच्या कॉटर पिनने आवळलेले असतील, तर ती बहुधा युरोपातून आलेली. मग सांधे पाहा. नळ्या जिथे भेटतात तिथे टोपीसारखी कोरीव पट्टी, म्हणजे लग, चढवलेली आहे का? असेल तर कारागिराने सांधा वितळत्या पितळेने भरला आहे. नळ्या नुसत्या एकमेकींना चिकटवल्या असतील तर काम घाईचे. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती पट्टी जाड आहे की पातळ पत्रा, हेही बोटाने कळते.

नंतर वय. 1976 साली अमेरिकन सरकारने नव्या सायकलींना पुढे, मागे, पेडलांवर आणि चाकांवर चमकणारी भिंगे सक्तीची केली. चाकांच्या तारांत मूळची भिंगे दिसली, तर सायकल बहुतकरून त्या नियमानंतरची. शिमानोचे सुटे भाग असतील तर त्यांच्यावर दोन इंग्रजी अक्षरे शोधा. पहिले अक्षर वर्षाचे, ए म्हणजे 1976; दुसरे महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी. 'सी ई' म्हणजे मे 1978. मात्र अक्षरे त्या भागाचे वय सांगतात. भाग मागाहून बदललेला असेल तर सायकलीचे नव्हे.

आणि जे टाकायचे ते निर्दयपणे टाका. पोलादी रिम पावसात ब्रेकला दाद देत नाही, हे कोणत्याही प्रेमाने झाकू नये. 27 इंची ॲल्युमिनियमच्या रिमा आणि त्या मापाचे टायर अजून मिळतात. जुन्या फ्रेंच सिम्प्लेक्स गियरांचे प्लास्टिकचे भाग तडकतात. आडव्या हँडलखाली बसवलेले जादा ब्रेकचे दांडे पूर्ण जोर देत नाहीत, तेही काढावेत. आजीचा दागिना वापरायचा तर आधी फासा तपासून घेतो, तसेच हे.

येथे दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. शौकिनांच्या हसण्याला कंटाळून काही मंडळी दुसऱ्या टोकाला गेली आहेत. गंज चढलेली कोणतीही सायकल दिसली की तिला 'विंटेज' म्हणायचे आणि किंमत तिप्पट सांगायची. न वाकणारे हेही! एकाने बिल्ला पाहून फेकले, दुसऱ्याने वय पाहून मढवले. सांधा दोघांनीही पाहिला नाही. वाईट सायकल पन्नास वर्षांनी जुनी वाईट सायकल होते, एवढेच.

कोणी म्हणेल, इतका जीव टाकण्यासारखे यात काय आहे? सांगतो. 1970 च्या आधी दहा गियरची सायकल ही अमेरिकेत थोड्या हौशी लोकांची चीज होती. मग लाट आली. 1970 साली तिथे सुमारे 70 लाख सायकली विकल्या गेल्या होत्या. 1973 साली सुमारे दीड कोटी. इतक्या माणसांना काही उंची इटालियन सायकली परवडत नव्हत्या. शाळामास्तर, गिरणीतला मजूर, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी यांच्या हाती वळलेले हँडल आले, ते पुष्कळदा या दुकानांतून आणि या कॅटलॉगांतून. आज जे जाणकार हसतात, त्यांतल्या कित्येकांनी चढावर पहिल्यांदा गियर बदलला तो अशाच एखाद्या सायकलीवर. शिडी चढून वर गेल्यावर खालच्या पायरीला लाथ मारण्याची ही रीत कुठल्याही देशात शोभत नाही.

शिवाय या सायकलींच्या बाजूने बोलणारे आता कोणी उरलेले नाही. मॉन्टगोमेरी वॉर्डची दुकाने 2001 साली बंद झाली. सीअर्सचा जाडा कॅटलॉग 1993 साली थांबला आणि 2018 साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्रात्समधली पूखची सायकल 1987 साली दुसऱ्यांच्या हाती गेली. श्रीमंत नावांचे इतिहास लिहिले जातात, त्यांच्या मंडळींचे मेळावे भरतात. विकणारा गेला, बनवणारा गेला आणि मालकाला नंबर वाचता येत नाही, अशी सायकल मुकाट कचऱ्याच्या गाडीत चढते. दर वर्षी थोड्या कमी उरतात. म्हणून हे वकीलपत्र मी न मागता घेतले.

निळ्या सायकलीचे काय झाले, ते सांगून खाली बसतो. पुतण्याला मी नंबर दाखवला, सांध्यांवरच्या टोप्या दाखवल्या. तो गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिला. मग दोन रविवार आम्ही काका-पुतणे तिच्याशी झटलो. बेअरिंगांत पूर्वीचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. कॉटर पिना हातोडीखेरीज निघेनात. नव्या रिमा, नवे टायर, नव्या तारा घातल्या. शेजारच्या जाणकारांना पुन्हा बोलावले आणि या खेपेस त्यांच्या हाती हँडल दिले. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले आणि चांगले वीस मिनिटांनी आले. उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, ते खाली वाकले.

परदेशी असलेल्या वाचकांनी दिवाळीची साफसफाई करताना आपल्या गॅरेजात एकदा बॅटरी घेऊन जावे, एवढीच या वकिलाची फी.